रेशन कार्डवरचं कुटुंब: कोण आत, कोण बाहेर आणि हे न्यायाचं आहे का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रेशनचं काम घेऊन आलेला माणूस सुरुवात "कुठला फॉर्म भरू" अशी करतो आणि पाच मिनिटांत "पण हे बरोबर आहे का हो" यावर येतो. म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्रच घेतलेत. कायदा केंद्राचा आहे, बाकी नियम महाराष्ट्राचे, आणि मतं माझी.

आमचं कार्ड केशरी, शेजाऱ्यांचंही केशरी. त्यांना दर महिन्याला धान्य मिळतं आणि आम्हाला दुकानदार म्हणतो तुमचं नाही येत. असं कसं?

कार्डाचा रंग वेगळा आणि धान्याची योजना वेगळी, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पिवळं, केशरी, पांढरं हे रंग १९९९ पासूनचे: वर्षाचं उत्पन्न १५ हजारापर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर १ लाखापर्यंत केशरी, त्याच्याही वर पांढरं. मग २०१३ ला राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला, आपल्याकडे तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, आणि त्या कायद्यात रंग नाहीतच, दोनच गट आहेत, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरं) आणि प्राधान्य कुटुंब. पिवळेवाले त्यात आले, केशरीतले काही आले आणि बरेच बाहेर राहिले. शेजाऱ्यांच्या कार्डवर पहिल्या पानावर "प्राधान्य कुटुंब" असा शिक्का असणार, तुमच्यावर नसणार, बघून घ्या. शिक्का नसलेल्या केशरीला ऑनलाइन डेटामध्ये एनपीएच म्हणतात, म्हणजे प्राधान्याच्या बाहेरचं.

प्राधान्यात बसायला उत्पन्न किती लागतं आणि कुणाकुणाचं धरतात?

शहरात वर्षाला ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार, याच्या आत. हे आकडे २०१३ च्या निर्णयातले. कार्डवर जितक्या माणसांची नावं आहेत त्या सगळ्यांची कमाई मिळून हा आकडा धरतात, एकट्या कर्त्या माणसाची नाही.

४४ हजार म्हणजे महिन्याला साधारण ३,६६७ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता, म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस तेवढ्या रोजावर काम केलं की कुटुंब कायद्याने "गरीब" राहत नाही. वर्षातले उरलेले २२३ दिवस तो काय करतो, घरातलं दुसरं कुणी कामाला जातं का, हे विचारायची गरजच पडत नाही, आकडा आधीच ओलांडलेला असतो. आता प्रत्यक्षात ४३ हजाराचे दाखले का निघतात ते तुमच्या लक्षात आलं असेल. अर्जदार खोटारडा असतो असं नाही, खरं उत्पन्न लिहिलं तर मजुरी करणारं जवळजवळ कुठलंच घर बसत नाही हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं.

दोन माणसांच्या घराला आणि आठ माणसांच्या घराला लिमिट एकच?

हो, एकच. आणि मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, गाड्या आणि बंगलेवाले नंतर.

हिशोब करून बघा. शहरात नवरा-बायको दोघंच, उत्पन्न ५८ हजार, म्हणजे माणशी २९ हजार. हे घर पात्र. शेजारी आठ जणांचं घर, आजी-आजोबा, जोडपं, चार पोरं, उत्पन्न ६४ हजार, म्हणजे माणशी ८ हजार. हे घर अपात्र. दोन्ही निकाल नियमानुसारच, चूक कुणाचीच नाही. आत घेताना सरकार कुटुंब मोजतं आणि धान्य देताना माणसं मोजतं, माणशी ५ किलो. देताना माणशी द्यायचं हे सुचलं मग लिमिट माणशी का लावलं नाही, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

हे काही जगात कुणाला जमलं नाही असंही नाही. अमेरिकेत अन्नाच्या मदतीची जी योजना आहे, स्नॅप, तिच्यात उत्पन्नाची मर्यादा घरातल्या माणसांप्रमाणे वाढत जाते, एकाला वेगळी, चौघांना वेगळी. तिथे कुटुंब धरायची पद्धतही वेगळी आहे: एकत्र राहणारे, जे अन्न एकत्र आणतात आणि एकत्र शिजवतात ते एक घर. मात्र नवरा-बायको, आणि आई-बापाजवळ राहणारा २२ वर्षांच्या आतला मुलगा, यांनी "आमचं वेगळं शिजतं" म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणजे तिथेही भांडणं असणारच, पण निदान आठ तोंडांना दोघांच्या मापात बसवत नाहीत.

अंत्योदयवाल्यांना सरसकट ३५ किलो आणि आम्हाला माणशी ५. ते फायद्यात ना?

घरात माणसं किती यावर आहे. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, मग घरात एक असो की दहा. दोघांचं घर असेल तर माणशी साडेसतरा किलो पडतं. सात जणांचं असेल तर बरोबर ५ किलो, म्हणजे प्राधान्याइतकंच. आणि नऊ जणांचं असेल तर माणशी चार किलोही नाही, तेच घर प्राधान्यात असतं तर ४५ किलो मिळालं असतं. सगळ्यात गरीब म्हणून अंत्योदयमध्ये टाकलं आणि घर मोठं म्हणून दहा किलो कमी, असं होतं खरं.

तरी मोठी कुटुंबंसुद्धा अंत्योदय सोडायला बघत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. एक तर महिन्याला २० रुपयांत किलोभर साखर फक्त अंत्योदयला मिळते, आणि दुसरं म्हणजे उद्या छाटणी आली तर अंत्योदयला हात शेवटी लागेल असा लोकांचा अंदाज असतो. धान्य आता दोन्ही गटांना फुकट आहे, १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं.

आम्ही भाऊ-भाऊ एकाच घरात राहतो पण चूल वेगळी आहे. कार्ड वेगळं करून मिळेल का?

मिळू शकतं पण हेलपाटे घालायची तयारी ठेवा. एका पत्त्यावर एकाच कुटुंबात दोन कार्ड देऊ नयेत अशी पुरवठा खात्याची सूचना आहे, अगदीच गरज असेल तर तहसीलदाराने किंवा शिधावाटप अधिकाऱ्याने स्वतः खात्री करून द्यावं असं तिच्यात आहे. ही "खात्री" म्हणजे काय ते कुठे नीट लिहिलेलं नसल्याने जो माणूस बघायला येतो त्याच्या डोळ्यांवर सगळं चालतं. मी एक घर बघितलंय, एकच खोली, मधे कपाट आडवं लावून दोन भाग केलेले, अलीकडे एक शेगडी पलीकडे एक शेगडी, गॅसची पुस्तकं दोन, लाइट बिल मात्र एक आणि तेही मेलेल्या वडिलांच्या नावावर. बघायला आलेल्याने बिल बघितलं आणि "एक कुटुंब" लिहून गेला. चार महिन्यांनी त्याच घरी दुसरा आला, त्याने गॅसची पुस्तकं बघितली आणि "विभक्त" लिहिलं. बदललं काहीच नव्हतं.

तेव्हा कागद असे गोळा करा की बघणाऱ्याला एकाच कागदावर निकाल देता येऊ नये: वेगळं गॅस कनेक्शन, घरपट्टीची वेगळी नोंद असेल तर ती, भाडेकरार, मुलांच्या शाळेतले पत्ते, आणि दोघा भावांचं सही केलेलं हमीपत्र. जुन्या कार्डातून नावं कमी केल्याशिवाय नवीन कार्ड निघत नाही, कारण आधार नंबर एकाच वेळी दोन कार्डांवर चालत नाही. मधल्या काळात तुमचं नाव दोन्हीकडे नसतं आणि त्या महिन्यांचं धान्य जातं, ते परत मिळत नाही, हे आधीच धरून चाला.

आणि अंत्योदयचं कार्ड फोडत असाल तर नीट विचार करा. दोन कार्डांना दोनदा ३५ किलो मिळत नाही, एक कार्ड अंत्योदय राहतं आणि दुसरं, जागा असेल तर प्राधान्यात जातं आणि नसेल तर कोरडंच राहतं.

पण लोक फायद्यासाठीच कार्ड फोडतात ना? उगाच कशाला त्यांची बाजू घ्यायची?

काही जण फोडतात, नाही कोण म्हणतंय. पण प्राधान्य कुटुंबात कार्ड फोडल्याने धान्य एक दाणाही वाढत नाही, सहा माणसांचे ३० किलो ते ३० किलोच, एका कार्डवर घ्या नाहीतर दोन कार्डवर. फायदा होतो तो उत्पन्नाच्या लिमिटमध्ये, कारण फोडल्यावर प्रत्येक घराला स्वतःचे ५९ हजार मिळतात. म्हणजे फोडाफोडीला प्रोत्साहन हे लिमिटच देतंय. लिमिट माणशी केलं तर फोडायचं अर्धं कारण तिथेच संपेल.

दुसरं कारण रेशनच्या बाहेरचं आहे. लाडकी बहीण योजनेत पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आणि त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं, एवढंच. सासू-सासरे त्यात नाहीत. रेशन कार्डवर मात्र सासू, दीर, जाऊ सगळे एकत्र. एकच सरकार एका खिडकीवर तुम्हाला चार माणसांचं कुटुंब म्हणतं आणि शेजारच्या खिडकीवर नऊ माणसांचं, मग लोक आपल्याला बरं पडेल ते कुटुंब दाखवणारच.

बहीण सासरहून परत आली, दोन मुलं आहेत. आमच्या कार्डवर नाव चढवायला गेलो तर म्हणतात आधी तिकडचं नाव कमी केल्याचा दाखला आणा. सासरचे देत नाहीत. काय करायचं?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की खरं तर पहिल्या नंबरवर ठेवायला पाहिजे होता.

होतं असं की नाव कमी करायचा अर्ज कुटुंबप्रमुखाच्या सहीने जातो आणि बहुतेक वेळा कुटुंबप्रमुख सासूच असते. तिने सही का करावी? कार्डवरच्या कुणाही एकाचा अंगठा पॉस मशीनवर (दुकानातलं अंगठ्याचं मशीन) लागला की अख्ख्या कार्डाचं धान्य निघतं, त्यामुळे सून आणि दोन नातवंडं घरात नसली तरी त्यांचे १५ किलो तिकडे दर महिन्याला सुरूच असतात. इकडे माहेरी तीन खाणारी तोंडं वाढली आणि कार्डावर आहेत तेवढीच नावं.

उपाय म्हणजे सासरची वाट बघत बसू नका. जिथे जुनं कार्ड आहे त्या तहसीलच्या पुरवठा शाखेत बहिणीच्या स्वतःच्या सहीने लेखी अर्ज द्या, की मी अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहत नाही, माझं आणि मुलांचं नाव कमी करावं. सोबत माहेरी राहत असल्याचा कागद लावा, ग्रामपंचायतीचा किंवा पोलीस पाटलाचा दाखला, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, पोटगीची केस चालू असेल तर तिचा नंबर. अर्जाची पोच घ्या आणि तीच पोच इकडच्या अर्जाला जोडा. कारकून "प्रमुखाची सही हवी" म्हणाला तर तसं लेखी द्या म्हणा, तोंडी नाही. लेखी मागितलं की निम्मी कामं पुढे सरकतात, हा अनुभव आहे.

बहिणीला माहेरच्या कार्डात घालायचंच नसेल तर तिचं आणि मुलांचं वेगळं कार्डही होऊ शकतं. विधवा, अपंग, ६० च्या वरचे, आणि ज्यांना कुटुंबाचा आधार नाही की कमाईचं ठरलेलं साधन नाही अशा एकट्या बाया-पुरुष, हे तर अंत्योदयच्या निकषांतच आहेत. नवऱ्याने टाकलेली बाई यात बसत नाही असं कुणी म्हणालं तर निकष वाचून दाखवा.

कुटुंबप्रमुख म्हणून बाईचंच नाव का? वडील आहेत की घरात.

कायद्याचं कलम १३. घरातली १८ वर्षांच्या वरची सगळ्यात मोठी बाई ही रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख. अशी बाईच नसेल तर मोठा पुरुष, आणि घरातली मुलगी १८ ची झाली की ती. चांगलं कलम आहे, राहू द्या. फक्त सासू प्रमुख झाल्याने सुनेचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मुलाला कंपनीत नोकरी लागली, महिना १५ हजार. आता आम्हा सगळ्यांचं धान्य बंद होणार का?

नियमाने हो. १५ हजार महिना म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, प्राधान्यच काय केशरीतूनही बाहेर. सहा जणांच्या घराचे ३० किलो एका झटक्यात बंद. हळूहळू कमी होत नाही, ५९ हजाराला सगळं आणि ५९ हजार १ ला शून्य.

इथे परत तोच प्रश्न, हा मुलगा "कुटुंबात" आहे का? पोरगा चाकणला खोली करून चौघांत राहतो, मेसला जेवतो, घरी महिन्याला तीन-चार हजार पाठवतो, कधी तेही नाही. कंत्राट अकरा महिन्यांचं. कागदावर घराचं उत्पन्न १ लाख ८० हजार, घरात आले ३५ हजार. तो खरोखर वेगळा राहत असेल, जेवत असेल, तर त्याचं नाव कार्डातून कमी करणं यात लबाडी काही नाही, तो तिथे नाहीच आहे. पण घरातच राहून रोज डबा घेऊन कामाला जात असेल तर त्याला वेगळा दाखवणं ही लबाडी आहे, आणि खोटं हमीपत्र सापडलं तर कार्ड तर जातंच, वरून वसुली आणि गुन्हा होऊ शकतो.

मला खुपतं ते वेगळंच आहे. नोकरी सुटली तर परत सहज आत येता येत नाही. बाहेर काढायला एक रिपोर्ट पुरतो, आत यायला नवीन अर्ज आणि इष्टांकाची, म्हणजे ठरलेल्या आकड्यात जागा होण्याची, वाट. त्यामुळे तात्पुरती नोकरी लागलेलं घर ती लपवतं, आणि मग त्याच घराला आपण अपात्र लाभार्थी म्हणून बोल लावतो.

इष्टांक म्हणजे काय? पात्र आहे म्हणतात आणि इष्टांक नाही म्हणून धान्य देत नाहीत.

राज्यात किती माणसांना धान्य द्यायचं याचा वरून बांधून दिलेला आकडा. कायद्याने देशात ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत हे धान्य जायचं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले, मिळून ७ कोटी १६ हजार ६८४ माणसं. ही माणसं २०११ च्या जनगणनेवरून मोजलेली आहेत. त्यानंतर राज्यात जन्मलेली पोरं, पुण्या-ठाण्याकडे आलेली माणसं, कशाचाच त्या आकड्यावर परिणाम होत नाही. बस भरलेली आहे, कुणी उतरलं तरच नवीन माणूस चढणार, मग स्टॉपवरचा माणूस आतल्यापेक्षा जास्त अडचणीत असला तरी.

म्हणून नवीन बाळाचं नाव कार्डवर चढतं पण त्याचे ५ किलो लगेच सुरू होतीलच असं नाही. म्हणून एका तालुक्यात अर्ज केला की महिन्यात धान्य सुरू होतं आणि शेजारच्या तालुक्यात वर्ष जातं, पात्रता अगदी तीच असताना.

सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२१ च्या निकालात केंद्राला सांगितलं होतं की कायद्याच्या कलम ९ प्रमाणे किती माणसं घ्यायची ते नव्याने ठरवा. पण कलमात "जनगणनेचे प्रसिद्ध आकडे" असं असल्याने गाडी जनगणनेवर अडते, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, नव्या जनगणनेत माणसं मोजायला २०२७ चा फेब्रुवारी ठरलाय. २०२५ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून नवीन अर्जांची यादी जाहीर ठेवायची आणि आधी आला त्याला आधी द्यायचं असं घातलंय. निदान आपला नंबर कितवा हे तरी विचारता येतं, विचाराच.

चारचाकी असली की कार्ड जातंच का? आमची जुनी टॅक्सी आहे, तिच्यावरच पोट आहे.

टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला केशरीत सूट आहे. बाकी चारचाकी असेल, किंवा घरात सगळ्यांची मिळून ४ हेक्टरच्या वर बागायत असेल तर केशरी नाही. जमिनीची अट एकत्र सातबारा असलेल्या घरांना त्रास देते, पाच भावांची नावं एकाच उताऱ्यावर आणि वाटणी फक्त बांधावर झालेली. खातेफोड, म्हणजे सातबाऱ्यावरच वाटणी, करून घ्या.

आमच्या जिल्ह्यात केशरीवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी पैसे येतात. मावशीच्या जिल्ह्यात नाही येत. का?

कारण ती योजना १४ जिल्ह्यांपुरतीच आहे, मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. शेतकरी आत्महत्या जास्त म्हणून २०१५ ला तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य सुरू केलं, २०२३ ला ते थांबवून माणशी महिन्याला १५० रुपये सुरू केले, नंतर १७० झाले. वर्ध्याला आहे आणि यवतमाळला आहे, मधे नदी ओलांडून चंद्रपूरला नाही. १७० रुपयांत ५ किलो गहू-तांदूळ बाजारात कुठे मिळतात ते मला पण सांगा.

आम्ही ऊसतोडीला जातो, म्हातारी माणसं गावाकडे असतात. धान्य कुठे घ्यायचं?

दोन्हीकडे घेता येतं. एक देश एक रेशन कार्डाखाली तुम्ही कारखान्याच्या गावात तुमच्या वाट्याचं उचलू शकता आणि मागे राहिलेले गावात त्यांचं उचलू शकतात, फक्त एकूण बेरीज कार्डाच्या वर जाणार नाही. कर्नाटकात गेलात तरी चालतं. दुकानदाराला "एवढंच द्या, बाकीचं गावाकडे घेतील" असं आधी सांगा, नाहीतर तो एकदम सगळं काढून पावती देईल आणि गावात म्हातारी दुकानातून रिकाम्या पिशवीने परत येईल. "आमचा माल आमच्या कार्डांपुरताच येतो" असं म्हणाला तर १४४४५ वर तक्रार करा, तो नंबर याच कामाचा आहे.

गावाकडे फक्त म्हातारी माणसं राहिली की खरी अडचण अंगठ्याची. आयुष्यभर कोयता आणि खुरपं धरून बोटांवरच्या रेषा गेलेल्या असतात. अशा वेळी डोळ्यांची मशीन किंवा मोबाईलवर ओटीपी मागा. मोबाईल पोराकडे आणि पोरगा साताऱ्यात उसाच्या फडात, हे ठाऊक आहे, म्हणून जायच्या आधीच घरी राहणाऱ्याचा नंबर आधारला लावून जा.

ई-केवायसी नाही केलं तर नाव जातं का? एकाने केलं तर सगळ्यांचं होतं का?

ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. एकाने करून चालत नाही, कार्डवरच्या प्रत्येकाने करायचं. नाही केलं तर त्या माणसाचं धान्य थांबू शकतं. बाहेरगावी असाल तर तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात होतं, गावी यायची गरज नाही, आणि "मेरा ई-केवायसी" ॲपवर चेहरा दाखवूनही होतं. पाच वर्षांच्या आतल्या पोरांचे ठसे आधारमध्ये नसतातच, त्यांचं ठसे घेतल्यानंतर. २०२५ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने धान्यच उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद पडतं आणि मग चौकशी करून चालू किंवा कायमचं बंद. दवाखान्यात किंवा बाहेर राज्यात अडकला असाल तर त्याचा कागद जपा.

पत्त्याचा पुरावाच नाही, पुलाखाली राहतो किंवा वीटभट्टीवर. कार्ड कसं मिळणार?

अन्न सुरक्षा कायद्यात पात्रतेसाठी स्वतःचं घर असावं असं कुठे नाही, पण फॉर्म पत्त्याशिवाय पुढे जात नाही. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन आदिम जमातींची तर सगळीच कुटुंबं अंत्योदयमध्ये घ्यायची आहेत, उत्पन्न बघायचंच नाही. तरी वर्षातले सहा महिने भट्टीवर काढणारी कातकरी कुटुंबं कार्डाशिवाय सापडतात, कारण चौकशीला माणूस येतो तेव्हा वाडीवर कुलूप असतं आणि "राहत नाही" असा शेरा पडतो. संस्थेचं पत्र, नगरसेवकाचं पत्र, मतदार यादीतली नोंद, जे मिळेल ते जोडून अर्ज करा, आणि अर्ज टेबलावरून परत न आणता नामंजूर करून लेखी घ्या, म्हणजे अपील करता येतं.

अपात्र श्रीमंतांना काढलं की बाकीच्यांना मिळेल, एवढं सोपं आहे ना?

काढायला पाहिजेतच. मोहिमा दरवर्षी निघतात, नोकरदारांची आणि बंगलेवाल्यांची नावं निघतात, बातम्या येतात. पण या मोहिमेत बंगलेवाल्यांसोबत नेहमी तीच माणसं निघतात ज्यांच्याकडे मुदतीत कागद नाही: कामाला बाहेर गेलेली, एकटी म्हातारी, भाड्याने राहणारी आणि मालक करार करून न देणारी. बंगलेवाला आठ दिवसांत दाखला आणून अपील करतो. चुकून आत राहिलेला एक आणि चुकून बाहेर फेकलेला एक यांची किंमत सारखी नाही, पहिल्यात सरकारचं महिन्याला ५ किलो जातं आणि दुसऱ्यात एक माणूस उपाशी राहतो. मोहिमेची बातमी मात्र फक्त किती नावं कापली याचीच होते, किती चुकीची कापली याची नाही.

मग सरळ सगळ्यांनाच का देत नाहीत?

१९९७ पर्यंत रेशन सगळ्यांसाठीच होतं, गरिबांपुरतं करायचं ठरलं ते त्या वर्षी. तामिळनाडूने मात्र ते सगळ्यांसाठी ठेवलं, तिथे तांदळासाठी उत्पन्नाचं लिमिट नाही, ज्याला नको तो जात नाही. खर्च जास्त होतो हे खरं. पण दाखले, चौकशा, मोहिमा, अपिलं आणि तहसीलच्या फेऱ्यांत बुडालेले रोज, हाही खर्चच आहे, फक्त तो सरकारच्या वहीत येत नाही. मला स्वतःला सगळ्यांना दिलेलं चालेल. नसेल जमत तर निदान लिमिट माणशी करा आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा, यात अवघड काही नाही, नोकरदारांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतोच.

नाव कापलं आणि कारणही सांगत नाहीत. कुठे जायचं?

आधी दुकानदाराशी भांडू नका, नाव कापायचा अधिकार त्याला नाही. "मेरा राशन" ॲपवर किंवा महाफूडच्या साइटवर १२ अंकी आरसी नंबर (रेशन कार्डाचा नंबर) टाकून कुणाचं नाव आहे कुणाचं नाही ते बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत, शहरात असाल तर परिमंडळ किंवा शिधावाटप कार्यालयात, "कोणत्या आदेशाने आणि कोणत्या कारणाने नाव कमी केलं त्याची प्रत द्यावी" एवढाच एका ओळीचा अर्ज द्या. नोटीस न देता कापलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

१९६७ हा टोल फ्री नंबर आहे, तिथे तक्रार करून नंबर लिहून घ्या. त्याने नाही झालं तर कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्याच्या निकालावर राज्य अन्न आयोग. पात्र असून धान्य दिलं नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, हे फार कमी लोक मागतात. अर्जात महिने मोजून लिहा, कुठल्या महिन्यापासून कुठल्यापर्यंत, माणसं किती, किलो किती, नुसतं "धान्य मिळत नाही" असं लिहिलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.